आवाज वाढला, पिकअप गेला

आधी कबुली देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वी काकांच्या आरएक्स हंड्रेडचं बॅफल मीच काढलं होतं.

बॅफल म्हणजे सायलेन्सरच्या मागच्या टोकात बसवलेली भोकांची नळी. एक छोटा बोल्ट सोडवा, पक्कडने ओढा, काळाकुट्ट चिकट प्रकार हातात येतो. तो काढला की गाडीचा 'टिंग टिंग' एकदम 'फाडफाड' होतो. त्या संध्याकाळी मी जठारपेठेतून गोरक्षण रोडपर्यंत जाऊन आलो आणि मला वाटलं, गाडीत निदान दोन घोड्यांची भर पडली. चौकात पोट्टे वळून बघत होते. बावीशीच्या आत अजून काय पाहिजे असतं?

तुमच्यापैकी अनेकांनी हे केलंय. तुमच्या घरात किंवा गल्लीत एखादी जुनी टू-स्ट्रोक नक्की असेल. आरएक्स असेल, येझदी असेल, शोगन असेल, शेतात कडबा आणि दुधाच्या कॅन वाहून थकलेली एम-८० असेल. आणि व्हॉट्सॲपवर तो फोटोही तुम्ही पाहिला असेल. रस्त्यावर ओळीने मांडलेले जप्त सायलेन्सर, त्यांच्यावरून फिरणारा रोड रोलर आणि मागे उभे असलेले पोलीस अधिकारी. राज्यातल्या बऱ्याच शहरांत हे झालंय. त्यात बुलेटचे सायलेन्सर जास्त असतात, पण आपल्या आरएक्सवाल्यांचा नंबरही लागतो. खाली कमेंट दोनच प्रकारच्या. 'बरोबर केलं, ठेचा यांना' आणि 'आमची हौस यांना बघवत नाही'.

मला दोन्ही बाजूंशी भांडायचंय. पण त्याआधी त्या नळकांड्यात नक्की काय चालतं ते बघू, कारण दोन्ही बाजूंना ते माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं.

बॅफल काढल्यावर आठच दिवसांत मला जाणवलं की उड्डाणपुलाच्या चढावर गाडी दम टाकते. पहिल्या-दुसऱ्या गिअरला जो झटका मिळायचा तो गायब. आवाज मात्र असा, की जणू विमान चाललंय. गाडी घेऊन गेलो आमच्या मिस्त्रीकाकांकडे. त्यांनी काही न विचारता प्लग खोलला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हे पाय. चुन्यासारखा पांढरा झाला. चॉकलेटी पाह्यजे होता." मग मागे जाऊन सायलेन्सरच्या टोकात बोट घातलं. "पोट्ट्या, तुले आवाज पाह्यजे का गाडी पाह्यजे, ते सांग आंधी."

त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते सोपं करून सांगतो. आपल्या नेहमीच्या फोर-स्ट्रोक गाडीत धूर बाहेर जायला आणि पेट्रोल-हवा आत यायला व्हॉल्व्ह असतात. वेळ झाली की उघडतात, बंद होतात. या टू-स्ट्रोकना असे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. अडचण अशी की काही क्षण दोन्ही खिडक्या एकदमच उघड्या असतात.

बसस्टँडवर लालपरी लागते तेव्हा काय होतं आठवा. उतरणारे अजून उतरतायत आणि चढणारे घुसलेत. त्या रेट्यात जो चढलाय तोही कधीकधी परत बाहेर ढकलला जातो. इंजिनात तसंच. जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं आणि त्यातलं काही तसंच, न जळता, सायलेन्सरमध्ये पळून जातं.

आता या पळपुट्यांना परत आत ढकलणारा कंडक्टर कोण? सायलेन्सर. त्याचा आकार.

पिस्टनने धुराची खिडकी उघडली की दाबाची एक लाट पाइपमधून निघते. विहिरीत हाक मारली की हाक परत येते, तशी ही लाटही परत येते. पाइप जिथे हळूहळू रुंद होत जातो तिथून उलटी, म्हणजे ओढणारी लाट परत येते आणि उरलेला धूर खेचून घेते. पुढे पाइप जिथे पुन्हा निमुळता होतो तिथून ढकलणारी लाट येते आणि खिडकी बंद व्हायच्या आत पळालेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबते. दोन्ही लाटा वेळेवर आल्या तर शंभर सीसीतून भलतीच ताकद निघते. १९८५ साली आपल्याकडे आलेल्या ९८ सीसीच्या आरएक्समधून ११ हॉर्सपॉवर निघायची, तेव्हा शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या सात-आठवर होत्या. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो हे एक कारण, आणि क्रोमच्या चकचकीत नळकांड्याच्या आत लपलेला हा आकार हे दुसरं.

वेळेवर म्हणजे किती वेळेवर? आकडेमोड कागदावर करून बघा, दहावीच्या गणितात बसते. ७,५०० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. धुराची खिडकी ढोबळमानाने अर्धा फेरा उघडी, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतो. चार मिलिसेकंदांत झाले दोन मीटर. जाऊन परत यायचंय, म्हणून एका बाजूचा एक मीटर. इंजिनापासून साधारण तेवढ्या अंतरावर लाट परतली पाहिजे. पाइप एवढा लांब का, याचं उत्तर हे आहे. तो शोसाठी लांब नाही.

आता कुणीतरी पुढच्या बेंडजवळ पाइप सहा इंच कापून आखूड करतो, 'स्पोर्टी' दिसावा म्हणून. एक मीटरचा झाला साधारण ८५ सेंटिमीटर. लाट लवकर परत येणार, म्हणजे पाइप जुळणार तो ८,८०० आरपीएमच्या आसपास. टॉवर चौक ते गांधी रोड या पट्ट्यात तुम्ही ८,८०० आरपीएम कुठे आणणार आहात, हे मला एकदा दाखवा. खाली, जिथे रोजची गाडी चालते, तिथे लाट चुकीच्या वेळी येते आणि पिकअप मरतो. बॅफल काढलं की लांबी तीच राहते, पण शेपटातून निघणाऱ्या धुराला जो थोडा अडसर लागतो तो जातो. पाइपमधला दाब बिघडतो, कार्बुरेटरचं सेटिंग बिघडतं, प्लग पांढरा पडतो. तसंच रेटत राहिलात तर एक दिवस पिस्टन धरतो आणि तुम्ही बाळापूर रोडवर गाडी ढकलत असता.

यात आपल्या वऱ्हाडाच्या हवेचा एक वेगळाच घोळ आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी हवा विरळ असते. डिसेंबरच्या पहाटे बारा अंश असतात तेव्हापेक्षा साधारण दहा टक्के कमी हवा इंजिनाला मिळते. उन्हाळ्यात गाडी जड वाटते, काळा धूर येतो, म्हणून पोरं कार्बुरेटरमधला जेट बारीक करून घेतात. मग थंडी येते, हवा दाट होते, पेट्रोल मात्र कमीच. आणि सायलेन्सर उघडा असेल तर विचारूच नका. मिस्त्रीकाका म्हणतात, त्यांच्याकडे पिस्टन धरलेल्या गाड्या उन्हाळ्यापेक्षा दिवाळीनंतर जास्त येतात. मी हे आधी थट्टेवारी नेलं होतं.

हे गणित पहिल्यांदा ज्यांनी पक्कं बसवलं त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पूर्व जर्मनीतल्या झोपाउ गावात एमझेड नावाचा कारखाना होता. तिथले इंजिनिअर वॉल्टर काडेन. पैसा नाही, चांगलं सामान नाही, पण पन्नासच्या दशकात या माणसाने पाइपमधल्या लाटांचा पिच्छा पुरवला आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढली. म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता, त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला, बायको-मुलांनाही गुपचूप बाहेर काढलं आणि नंतर थेट सुझुकीत गेला. १९६२ ला ५० सीसीची जगज्जेती गाडी सुझुकीची, चालवणारा डेग्नर. पुढे जपानी टू-स्ट्रोकनी रेसिंगचं मैदान कसं मारलं ते तुम्हाला ठाऊक आहे. एका माणसाच्या डोक्यातल्या पाइपसाठी देशांच्या सीमा ओलांडल्या गेल्या. आणि आपण बाजारातून हजार-दीड हजाराचं नळकांडं आणून त्याला 'परफॉर्मन्स पाइप' म्हणतो. आत बघा कधीतरी. बहुतेक वेळा एक सरळ नळी असते. त्यात ना रुंद होणं, ना निमुळतं होणं. लाट परत यायला तिथे काही नाहीच. नुसता आवाज.

म्हणून माझं पहिलं भांडण आपल्याशी. 'हौस' म्हणू नका याला. हौस असती तर गाडी खोलून बघितली असती.

आणि आवाज कुणाच्या कानात जातो तेही सांगतो, कारण बॅफल परत बसवण्याचं खरं कारण पिकअप नव्हतं. त्याच पावसाळ्यात काकूचं ऑपरेशन झालं. मी रोज रात्री डबा घेऊन दवाखान्यात जायचो. पहिल्याच रात्री गेटवर वॉचमनने हात केला. "ओ भाऊ, बंद करा ते. अंदर लोकं झोपून राह्यले. ढकलत आना." मी ढकलत नेली. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः म्हणाली, "तू आला की मले कोपऱ्यावरूनच कळते." ती हसत म्हणाली, पण शेजारच्या खाटेवरच्या आजी हसल्या नाहीत. दवाखाना, शाळा यांच्याभोवतीचं शंभर मीटर अंतर शांतता क्षेत्र धरलं जातं. रात्री तिथली मर्यादा ४० डेसिबल आणि साध्या वस्तीत ४५. कंपनीच्या चाचणीत आजच्या ८० ते १७५ सीसीच्या नव्या दुचाकीला ७७ डेसिबल चालतात, तेही सायलेन्सर जागेवर असताना. उघड्या पाइपचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरं भांडण कारवाईशी. कायदा स्पष्ट आहे. वाहनाला सायलेन्सर हवाच आणि आवाजाचा नियम मोडला तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझी तक्रार कायद्याबद्दल नाहीच. रोड रोलर फिरतो, फोटो येतो, पोरगा नवा पाइप आणतो. ज्या काउंटरवरून तो पाइप विकला जातो तिथे रोलर का जात नाही? आणि डेसिबल मोजायचं यंत्र चौकात किती वेळा दिसतं? मीटर लावून पोराला आकडा दाखवा, जुनं बॅफल घेऊन ये म्हणा, बसव आणि जा म्हणा. बॅफल फेकलंय म्हणाला, तर खुशाल पावती फाडा.

'मग टू-स्ट्रोक बंदच करा की' असं म्हणणाऱ्यांनाही एक उत्तर देणं लागतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते पळून जाणारं न जळलेलं पेट्रोल हवेत जातं, सोबत टू-टी ऑईलचा धूर. २००० सालचे नियम आले आणि या गाड्या एकेक करून शोरूममधून गेल्या. ते योग्यच झालं. मी म्हणत नाही की त्या परत आणा. पण ज्या उरल्यात, ज्यांची नोंदणी आणि पीयूसी चालू आहे, त्या सुरात ठेवल्या तर कमी पेट्रोल पळतं, कमी धूर होतो. सायलेन्सर उघडला की नेमकं उलट होतं. हौशी लोकांना आपल्या गाड्या रस्त्यावर टिकवायच्या असतील तर पहिलं काम त्यांनाच करावं लागेल. दवाखान्यासमोर फाडफाड करणारी प्रत्येक आरएक्स बाकीच्या दहा चांगल्या आरएक्सची केस बिघडवते.

मला खटकतं ते आणखी एक. मिस्त्रीकाका साठीला आलेत. पाइपवर बोट टकटक करून, आवाजावरून, आत कार्बन किती धरलाय ते सांगतात. बॅफल भट्टीत तापवून, वायर ब्रशने घासून नवं करून देतात. हे काम शिकायला त्यांच्याकडे कुणी नाही. येणारी पोरं एकच मागतात, "काका, आवाज वाढवून द्या." ते नाही म्हणतात, पोरं दुसरीकडे जातात. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या एका मित्राला मी ते चार मिलिसेकंदांचं गणित दाखवलं, तर तो म्हणाला, "हे परीक्षेला नाही." अरे, पण तुझ्या घरच्या गाडीत आहे ना!

तुमचं काढलेलं बॅफल माळ्यावर, पलंगाखाली, पाण्याच्या टाकीमागे कुठेतरी पडलं असेल. शोधा. बहुधा कार्बनने भरलेलं असेल, तसंच बसवू नका, आधी साफ करून घ्या. ऑईल मापात आहे का बघून घ्या, पेट्रोलमध्ये मिसळायची गाडी असेल तर साधारण लिटरला २० मिली. आणि प्लगचा रंग पंधरा दिवसांनी बघा, चॉकलेटी यायला हवा. काका रविवारीही दुपारी दोनपर्यंत गॅरेज उघडं ठेवतात.