चहा कोणी केला?

आम्हा आयटीवाल्यांची एक गंमत आहे. पळायचं ठरवलं की आधी बूट घेतो, फोटो काढायचे ठरवले की आधी लेन्स घेतो, आणि लिहायचं ठरवलं की टेबल! मीही घेतलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरात आलं. त्या निमित्ताने शिसवी टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची, पिवळ्या उजेडाचा दिवा आणि टकटक वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड असा सगळा सरंजाम आमच्या टू बीएचकेतल्या छोट्या बेडरूममध्ये मांडला. आठवडाभर तिथे कोड, आणि शनिवार-रविवार सकाळी सहा ते नऊ 'लेखन'. दार बंद. त्या तीन तासांत मला कोणी हाक मारायची नाही, असा घरात वटहुकूमच काढला होता म्हणा ना.

मग ओघानेच मोठ्या लेखकांच्या दिनचर्या वाचायचा नाद लागला. (तुम्हालाही असणार, उगाच नाही म्हणू नका :) ) मुराकामी कादंबरी लिहीत असला की पहाटे चारला उठतो आणि पाच-सहा तास लिहितो. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, पोस्टखात्यात मोठ्या हुद्द्यावर. हा बाबा पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, तीन तास, आणि मग दिवसभर पोस्टाची नोकरी. अशा ४७ कादंबऱ्या. वाचून अंगावर काटा आला. म्हटलं, बस्स, हेच आपलं मॉडेल.

चार वर्षांत माझे किती लेख झाले ते विचारू नका. टेबल मात्र अजून नव्यासारखं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या महिन्यात दुधाचा हिशोब बघायला स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून एक वही काढली. पुढून किराण्याच्या याद्या, गॅस कधी लावला त्याच्या तारखा, पोळ्यावाल्या मावशींचे खाडे. सहज उलटी करून पाहिली, तर मागून गोष्ट! बायकोच्या अक्षरात, बॉलपेनने, बावीस पानं. चांगली होती. म्हणजे नवरा म्हणून नाही, वाचक म्हणून सांगतो. पण मध्येच वाक्यं तुटलेली. 'ती जिन्यात थांबली आणि तिच्या लक्षात आलं की' आणि पुढे कोरं. असं चार-पाच ठिकाणी.

"हे अर्धं का सोडलंस?" मी विचारलं.

"सोडलं नाही रे. सव्वासात वाजले असतील. तुझा चहा."

एवढंच म्हणाली, आणि कणीक मळायला वळली. चिडली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून मला या दिनचर्यांचा रागच यायला लागलाय. लेखक किती वाजता उठतो, किती शब्द लिहितो, पेन्सिल वापरतो की पेन, खिडकीतून काय दिसतं, सगळं असतं त्यात. फक्त चहा कोणी केला ते नसतं. बेल वाजली तेव्हा कोण उठलं, पोराला ताप आला तेव्हा कोण जागलं, नऊ वाजता साहेब 'सृजन' संपवून बाहेर आले तेव्हा पोहे गरम कसे होते, हेही नसतं. त्याला आपण शिस्त म्हणतो. अहो, दुसऱ्या कोणाच्या तरी सकाळी वापरून उभी केलेली ती शिस्त आहे!

त्या मानाने ट्रोलप प्रामाणिक म्हणायला हवा. त्याने एक म्हातारा मोतद्दार ठेवला होता. पहाटे मालकाला उठवून कॉफी द्यायची, त्याचे वर्षाला पाच पौंड जादा. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, आत्मचरित्र आलं. त्यात तो म्हणतो की माझ्या यशाचं देणं बहुधा याच माणसाला सगळ्यात जास्त लागतं. आपण मात्र २५० शब्द लक्षात ठेवले आणि मोतद्दार विसरलो. आणि त्याला निदान पाच पौंड मिळत होते. आमच्या घरी तेही नाहीत.

हे फक्त माझ्याच घरचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर सरकारी आकडे बघा. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, दिवसभरात घरकामाला हात लावलेले पुरुष होते २६ टक्के आणि बायका ८१ टक्के. ज्यांनी हात लावला त्यांच्यातही पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं, बायकांची २९९. म्हणजे रोज साधारण तीन तास वीस मिनिटांचा फरक. माझा सहा ते नऊचा स्लॉट कुठून आला, हे कळायला गणित फार अवघड नाही.

आता कोणीतरी म्हणणारच, "अहो, प्रतिभा असेल तर खोली लागत नाही. बहिणाबाई बघा!" हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त झोंबतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून आलेलं घरच्यांनी उतरून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या, आणि त्यानंतर, १९५२ मध्ये, पुस्तक निघालं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता म्हणून तेवढं तरी हाती लागलं. बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान चालवत. दुकानात बसून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं आणि कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. या माणसांनी खोली नसताना लिहिलं हा त्यांचा मोठेपणा. खोली लागत नाही याचा तो पुरावा नाही. बुडालेल्या जहाजांमधून पोहत काठाला लागलेले तीन जण दाखवून "बोटी कशाला हव्यात?" असं विचारण्यातला प्रकार झाला हा. जी वाक्यं जिन्यात थांबली ती थांबलीच, त्यांची यादी कोण करणार?

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये हिशोब मांडूनच ठेवलाय. बाईला लिहायचं तर वर्षाला ५०० पौंड आणि दाराला कुलूप असलेली स्वतःची खोली हवी. टेबल शिसवी की सागवानी, याबद्दल तिची काही अट नाही. (मुराकामीनेही पहिली कादंबरी रात्री आपला जॅझ बार बंद करून घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावरच लिहिली होती. पण ती खरेदी करता येत नाही, म्हणून ती आपल्याला आठवत नाही.)

आपल्या भाषेत सांगायचं तर दार म्हणजे लॉक. एकच थ्रेड लॉक धरून बसला आणि सोडायचं नावच घेईना, की बाकीचे उपाशी मरतात. ऑफिसमध्ये असा कोड कोणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढतो आपण. घरात चार वर्षं तोच कोड प्रॉडक्शनमध्ये चालू होता, आणि लिहिणारा मीच.

तेव्हा गेल्या महिन्यापासून शनिवारचं दार बायकोचं, रविवारचं माझं. जो बाहेर तो चहा, दूध, कचरा, पार्सल आणि आईचं बीपीचं औषध बघणार. पहिल्या शनिवारी तीन तासांत बेल अकरा वेळा वाजली. अकरा! इतके दिवस मला वाटायचं, आमच्या सोसायटीत सकाळी किती शांतता असते.

यात मी काही थोर केलेलं नाही. जे तिचं होतं त्यातलं निम्मं परत केलंय, तेही वही सापडली म्हणून. ती आत काय लिहितेय ते मला माहीत नाही, विचारायचं नाही असं ठरलंय.

तुमच्यापैकी कोणी नवं टेबल घेणार असेल तर जरूर घ्या, खुर्ची चांगली घ्या, पाठीला बरं असतं. पण त्याआधी घरातल्या ड्रॉवरमधल्या वह्या एकदा उलट्या करून बघा.

असो. आज शनिवार आहे. हे सगळं डायनिंग टेबलवर बसून लिहिलंय, सात वेळा उठून. सव्वासात होऊन गेलेत, चहा आत नेऊन द्यायचाय. दारावर टकटक करायची नाही, नुसता बाहेर ठेवायचा.