आधी पंख, मग नाव

जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना तोंडावर आली आहे. १९८७ पासून चालत आलेल्या या गणनेत किनाऱ्यावरून येणाऱ्या नोंदींतल्या कुरवांच्या आकड्यांवर आमचा अजून पुरता भरवसा बसत नाही. वाळूवर हजारभर पक्ष्यांचा थवा बसलेला असतो, पुढचे दोन-चार पाहिले जातात आणि सगळा थवा ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ ठरतो. शेजारच्या खाडीवर तसाच थवा ‘काळ्या डोक्याचा’ होतो.

डोक्याच्या रंगावर विसंबले की घोटाळा होतोच. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी होतात, डोळ्यामागे काळपट ठिपका तेवढा उरतो. पुढे रंग चढला, तरी काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके गडद चॉकलेटीच असते.

म्हणून पंख पाहावेत. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड मनगटापासून टोकाकडे पांढरीशुभ्र, पाचरीसारखी उठून दिसते. काळा रंग टोकाशी आणि मागच्या कडेला. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पंखटोक रुंद, भरीव काळे असते आणि प्रौढ पक्ष्यात त्या काळ्यात ठळक पांढरे ठिपके असतात. पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांत ते ठिपके नसतात, पण टोक काळेच. प्रौढाचा डोळाही फिकट असतो, काळ्या डोक्याच्या कुरवाचा गडद. मात्र तरुण तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही गडद असू शकतो, तेव्हा एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नये. फिकट डोळा आणि पांढरी पाचर एकत्र दिसली, तर बारीक चोचीचा कुरव तपासावा. त्याची चोच आणि मान लांबट असते.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे हे पक्षी अगदी जवळून, पंख पसरून उडतात. सरावाला याहून चांगली जागा नाही. (त्यांना शेव-गाठी टाकण्याचे समर्थन मात्र आम्ही करणार नाही.)

एवढा काटेकोरपणा कशासाठी? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर घरटी करतो. काळ्या डोक्याचा युरोपपासून पार पूर्व आशियापर्यंत. २००५ मध्ये चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने पट्टकादंबांबरोबर तपकिरी डोक्याचे कुरवही मोठ्या संख्येने मेले. २०२३ मध्ये युरोपात त्याच रोगाचा जबर फटका काळ्या डोक्याच्या कुरवांना बसला. अशा आपत्तीनंतर आपल्या किनाऱ्यावर कोण कमी झाले, हे एकत्र मिसळलेल्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

तेव्हा यंदा थवा उडेपर्यंत थांबा, पण त्यासाठी त्याला उठवू नका; भरती चढली की तो आपणच जागा बदलतो. पसरलेल्या पंखांची छायाचित्रे घ्या. जेवढे पक्षी खात्रीने ओळखले तेवढेच जातीच्या नावाखाली लिहा, बाकीचे ‘कुरव, जात अनिश्चित’ म्हणून नोंदवा. निम्मा थवा या रकान्यात गेला तरी आम्हाला ती नोंद हवी आहे.