नव्या वाहनाकडे पाहताना

मूर्तिजापूरचे रेल्वे स्टेशन हे वऱ्हाडातील एक गजबजलेले ठिकाण आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग या गावावरून जातो. गाडीतून उतरणारे प्रवासी, रिक्षावाले, चहाच्या टपऱ्या आणि बाजाराला आलेले खेडुत यांची तेथे सदैव वर्दळ असते. अशा ठिकाणी एखादा मनुष्य विजेवर चालणारी सायकल घेऊन आला, की क्षणभर तरी साऱ्यांचे डोळे तिकडे वळतात. दिसायला ती सायकल असते. परंतु चढावर ती चालविणाऱ्याला धाप लागत नाही. फटफटीसारखी ती झपाट्याने पुढे जाते. परंतु तिचा आवाज मात्र येत नाही. हा काय चमत्कार आहे, असे पाहणाऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही.

नवल करण्यात काही गैर नाही. परंतु नवल वाटल्यानंतर मनुष्य काय करतो, यावरून त्याची पारख होते. विजेची सायकल उभी राहिली, की तिच्याभोवती जमणाऱ्या अनोळखी माणसांचे चार प्रकार सहज दिसून येतात.

पहिला प्रकार हसणाऱ्यांचा. "पाय दुखतात काय हो?" असे कोणी ओरडतो आणि दुसरे चारजण त्याला साथ देतात. दुसरा प्रकार हात लावणाऱ्यांचा. मालकाला न विचारता ते खटका दाबून पाहतात, मूठ पिरगाळून पाहतात. तिसरा प्रकार भिणाऱ्यांचा आणि भिवविणाऱ्यांचा. "पावसात करंट लागते, बॅटरी फुटते," असे ते छातीठोकपणे सांगतात. परंतु हे त्यांना कोठून कळले, हे त्यांनाच ठाऊक नसते. चौथा प्रकार विचारणाऱ्यांचा. "कितीले पडली भाऊ? एकदा चार्ज केली का कितीक दूर जाते?" असे ते विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात. या चार प्रकारांपैकी समाजाच्या खऱ्या उपयोगाचा प्रकार एकच आहे आणि तो म्हणजे चौथा.

प्रथम हसणाऱ्यांचा विचार करू या. विजेच्या सायकलीवर बसणारा मनुष्य आळशी असतो, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः या सायकलींपैकी पुष्कळशा अशा असतात, की चालविणाऱ्याने पायडल मारले तरच त्यांची मोटार साह्य करते. श्रम नाहीसे होत नाहीत. ते हलके होतात. आता समजा, जवळच्या एखाद्या खेड्यातील अंगणवाडी सेविकेचे गुडघे दुखू लागले आहेत. उन्हाळ्यात वऱ्हाडचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते. त्या उन्हात तिला रोज सायकल रेटीत जावे लागते. तिने पैसे साठवून विजेची सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी चौकातील लोक तिला हसले. दुसऱ्या दिवशी ती सायकल घरी ठेवून पायी निघाली, तर तो दोष कोणाचा? हसणाऱ्यांच्या दृष्टीने ती घटकाभराची करमणूक होती. तिच्या दृष्टीने तो रोजच्या कामाचा प्रश्न होता. अनोळखी माणसाला कोणती अडचण आहे, हे त्याच्या वाहनावर लिहिलेले नसते. म्हणूनच त्याला हसण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

कोणी म्हणेल, रस्ता सर्वांचा आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या वस्तूकडे पाहून हसू आले तर ते कसे आवरावे? हा आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु रस्ता सर्वांचा आहे याचा अर्थच असा, की तो त्या सेविकेचाही आहे. जेथे एकाच्या हसण्यामुळे दुसऱ्याला येणे-जाणे नकोसे होते, तेथे रस्ता सर्वांचा राहत नाही.

या बाबतीत मूर्तिजापूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. याच तालुक्यातील दापुरे या गावी, आपल्या मामांच्या घरी, डेबूजी नावाचा एक मुलगा वाढला. पुढे तोच गाडगेबाबा या नावाने साऱ्या महाराष्ट्राला पूज्य झाला. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हातात खराटा अशा वेषात बाबा गावोगाव हिंडत. अनोळखी गावातील लोक त्यांना प्रथम वेडा किंवा भिकारी समजत. दिवसा त्यांनी गाव झाडून काढावे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे. तेव्हा कोठे हा मनुष्य कोण, हे लोकांना उमगे. त्या कीर्तनात बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत. रूपावरून मनुष्याची किंमत करू नये आणि प्रश्न विचारल्यावाचून ज्ञान होत नाही, हे दोन्ही धडे त्यांच्या चरित्रात एकत्र सापडतात. विजेच्या सायकलीवरील मनुष्य काही संत नसतो. परंतु त्याला ओळखण्यापूर्वीच त्याच्याविषयी मत बनविणारा डोळा तोच असतो.

आता न विचारता हात लावणाऱ्यांकडे वळू या. यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. परंतु परिणाम वाईट होऊ शकतो. पेट्रोलची गाडी चालू असली, की तिचा आवाज कानी पडतो. विजेची गाडी चालू असूनही मुकी असते. विजेच्या मोटारीचा आणखी एक गुण असा, की ती उभ्या जागेवरून एकदम जोर लावते. त्यामुळे चालू गाडीची मूठ कोणी गमतीने पिरगाळली, तर ती पुढच्या क्षणी समोरच्या माणसावर जाऊन आदळेल. परक्याच्या वस्तूला त्याच्या परवानगीवाचून हात लावू नये, हा घराघरांत शिकविला जाणारा नियम येथे केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. तो जिवाचा होतो.

भिणाऱ्यांविषयी बोलताना मात्र थोडे सावध राहिले पाहिजे. कारण भीती प्रत्येक वेळी खोटी असतेच असे नाही. पावसात झटका बसेल, ही भीती पाहा. मूर्तिजापूरच्या फलाटासमोरून विजेच्या इंजिनांच्या गाड्या रात्रंदिवस जातात. त्या इंजिनांच्या वरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तरीही पावसाळ्यात गाडीत बसताना कोणी कचरत नाही. विजेच्या सायकलीच्या बॅटरीचा दाब बहुधा ३६ किंवा ४८ व्होल्ट असतो. भारतात पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. शंभर वर्षांच्या सवयीने मोठ्या विजेची भीती गेली आणि ओळख नसल्यामुळे छोट्या विजेची भीती राहिली! ओळख झाली म्हणजे अशी भीती आपोआप ओसरते.

परंतु आगीची भीती निराधार नव्हती. २०२२ साली पुण्यासह देशातील काही ठिकाणी विजेच्या स्कूटरांनी पेट घेतला. लोकांनी विचारले, की असे का झाले? शासनाला त्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे अधिक कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले. भीतीने अफवेचे रूप घेतले असते, तर काहीच निष्पन्न झाले नसते. तिने प्रश्नाचे रूप घेतले, म्हणून वाहन सुधारण्याचा मार्ग निघाला.

इतिहासातही असेच घडत आले आहे. १८६५ साली इंग्लंडात एक कायदा झाला. रस्त्यावरून यंत्राची गाडी जात असेल, तर तिच्यापुढे लाल निशाण घेतलेला एक मनुष्य चालत गेला पाहिजे आणि गावात गाडीचा वेग ताशी दोन मैलांहून अधिक असता कामा नये, असे त्या कायद्याने ठरविले. आज हे वाचून हसू येते. परंतु त्या काळी रस्त्यावर घोडे होते, ते यंत्राला बुजत आणि अपघात होत. लोकांच्या शंकेतून नियम आला; अनुभव वाढला, तसा तो नियम बदलला. खुद्द विजेची सायकल तरी कोठे नवी आहे? अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन या गृहस्थाला अशा सायकलीचे पेटंट १८९५ सालीच मिळाले होते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन दिशांना जाणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकात सुरू झाली, १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, पुढे डिझेलवर चालली आणि आता बंद पडली आहे. म्हणजे जिला लोक आज नवी म्हणतात, तिची कल्पना शकुंतलेहूनही जुनी आहे. नवे आणि जुने हे पुष्कळदा वस्तूत नसते. ते पाहणाऱ्याच्या माहितीत असते.

ही माहिती प्रश्न विचारल्याने मिळते आणि ती मनोरंजकही असते. ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, तिला भारतातील नियम मोटार वाहन मानीत नाहीत. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. त्याहून शक्तिमान गाडीला मात्र नोंदणी, परवाना, विमा आणि शिरस्त्राण हे सर्व लागते. तिच्यावर हिरवी पाटी असते. ती पाटी पाहूनही पुष्कळ उलगडा होतो. २५० वॉटची मोटार चार तास चालली, तर सुमारे एक युनिट वीज खर्च होते. ही वीज येते कोठून, असेही एखादा चौकस मुलगा विचारील आणि हा प्रश्न सर्वांत चांगला होय. अकोला जिल्ह्यातच पारस येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील एकेका संचाची क्षमता २५० मेगावॉट, म्हणजे त्या छोट्या मोटारीच्या दहा लाख पट आहे. तो संच कोळशावर चालतो. तेव्हा विजेची सायकल धूर सोडीत नाही, हे खरे. परंतु तिच्या विजेचा काही धूर दूरच्या धुरांड्यातून निघतो, हेही खरे. प्रामाणिक प्रश्नाला असे दोन्ही बाजू सांगणारे उत्तर मिळते. थट्टेला कोणतेच मिळत नाही.

जी गोष्ट पाहणाऱ्यांची, तीच चालविणाऱ्यांची. चार लोक बघतात म्हणून त्याने मिरवू नये. आपले वाहन मुके आहे, याची जाणीव त्याने सतत ठेविली पाहिजे. मागून न वाजता आलेली सायकल वृद्ध मनुष्याला दचकविते आणि अंध मनुष्याला तर तिचा पत्ताच लागत नाही. युरोपात हाच प्रश्न अंध व्यक्तींच्या संघटनांनी विजेच्या मोटारगाड्यांविषयी विचारला. परिणामी १ जुलै २०१९ पासून तेथे नव्या प्रकारच्या मोटारगाड्यांना मंद वेगात आवाज करणारे साधन बसविणे सक्तीचे झाले. सायकलस्वाराला यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच्यापाशी घंटा असते. ती वेळेवर वाजवावी, गर्दीत वेग कमी करावा आणि कोणी प्रश्न विचारला तर कंटाळा न करता उत्तर द्यावे. दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न ऐकून त्याला वीट येणे शक्य आहे. परंतु विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रश्न पहिलाच असतो, हे त्याने विसरू नये.

समाजात नव्या वस्तू येतच राहणार. उद्या विजेच्या सायकलीचे कोणाला नवल राहणार नाही. तेव्हा दुसरेच काही चौकात येऊन उभे राहील. त्या प्रत्येक वेळी चौकातील माणसांना हसणे, झोंबणे, भिणे आणि विचारणे या चार वाटा मोकळ्या असतील. पहिल्या तीन वाटांनी मनुष्य जेथल्या तेथे राहतो. चौथ्या वाटेने तो स्वतः शहाणा होतो आणि समोरच्याचा मानही राखतो.

स्टेशनाजवळच्या त्या गर्दीत एखादा शाळकरी मुलगाही असतो. सायकलस्वार खाली उतरेपर्यंत तो थांबतो आणि मग हळूच म्हणतो, "काका, जवळून पाहू का?" हात मागे ठेवून विचारलेला हा एवढासा प्रश्न, मोठ्यांच्या साऱ्या गलबल्याहून अधिक मोलाचा आहे.