पाणी कमी पडलं तर आधी कुणाला?



आज नेदरलँडमधल्या आयसेलमीर तळ्याविषयी. तिथं पूर्वी समुद्राची खाडी होती. १९१६ च्या पुरानं फार नुकसान केलं, म्हणून ३२ किलोमीटरचा बांध घालून १९३२ साली खाडीचं तोंड बंद केलं. ऱ्हाईन नदीचा आयसेल नावाचा फाटा त्यात येतो, त्यामुळं खारं पाणी हळूहळू गोडं झालं.

तळ्याचा पसारा साधारण ११०० चौरस किलोमीटर, पण खोली सरासरी चार-पाच मीटरच. म्हणजे हंडा नाही, परात आहे. हिशोब सगळा सेंटिमीटरचा. पातळी १० सेंटिमीटर वाढवली की ११ कोटी घनमीटर पाणी साठतं, आपल्या भाषेत जवळपास ४ टीएमसी! हिवाळ्यात पुराच्या भीतीनं पातळी खाली ठेवतात, उन्हाळ्याआधी वाढवून बेगमी करतात. जादा पाणी ओहोटीला दरवाजे उघडून समुद्रात सोडतात.

पण मला महत्त्वाची वाटते ती त्यांची टंचाईची यादी. सगळ्या देशाला एकच, आणि आधीच ठरलेली.

१) बांध वाचवणे, जमिनीचं आणि निसर्गाचं कायमचं नुकसान टाळणे
२) पिण्याचं पाणी आणि वीज
३) थोड्या पाण्यात मोठं नुकसान वाचतं अशी पिकं व उद्योग
४) बाकीची शेती, बोटी, कारखाने

पिण्याच्या आधी बांध कसा, असं वाटेल. २००३ च्या दुष्काळात विल्निस गावाचा पीट मातीचा बांध वाळून हलका झाला आणि जागचा सरकला. दुष्काळात गावात पाणी शिरलं!

बहुतेक शेती चौथ्या पायरीवर, हे शेतकरी म्हणून मला बोचतं. तरी माझं मत असं, की शेवटचा नंबर आधी माहीत असलेला बरा. लागवडीआधी कळलं तर पीक बदलता येतं, क्षेत्र कमी करता येतं. पीक उभं असताना कळलं तर नुसतं बघत बसायचं.

दुसरं, तिथं पाणी मंडळं निवडून येतात आणि त्यात शेतकऱ्यांना काही जागा राखीव आहेत. पट्टी भरणाऱ्याला खुर्ची पाहिजेच. नाहीतर यादी दुसऱ्यानं करायची आणि आपण फक्त वाचायची.

कृषी क्षेत्रातल्या जाणकारांना विचारतो, आपल्या भागातली कोणती पिकं तुम्ही तिसऱ्या पायरीवर बसवाल? कारणासकट लिहा.