अर्धवट गोधडीला नवा आराखडा द्या, जुन्याची नक्कल नको

गौरी-गणपतीच्या आधी पनवेल-उरण पट्ट्यात घरे आवरायला काढली जातात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरतात आणि एखाद्या पेटीच्या तळाशी अर्धी शिवलेली गोधडी सापडते. आजीचे टाके कडेपासून हातभर आत येऊन थांबलेले असतात. मग घरात मतांतरे सुरू होतात. एकाच्या मते ती बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घ्यावे. दुसऱ्याला तिची उशांची कव्हरे हवी असतात. तिसरा सुचवतो की अगदी तस्सेच कापड शोधून ती पूर्ण करावी.

तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यातला तिसरा वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याची जास्त झाडाझडती घ्यायला हवी.

चिरनेर या पट्ट्यातलेच गाव. आठवण जपणे काय असते, हे या गावाला शिकवावे लागत नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथे जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि त्यात हुतात्मा झालेल्यांना गाव आजही दर वर्षी त्या तारखेला अभिवादन करते. घरातल्या बायकांच्या सुईला असे स्मारक मिळत नाही. त्यातच या पट्ट्यात सिडकोच्या वसाहती आल्या, बंदर आले, आता विमानतळ. कौलारू घरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि फ्लॅटला माळा नसतो. त्यामुळे पेटीतल्या गोधडीचे काय करायचे, हा निर्णय पुढच्या पिढीवर ढकलण्याची सोय उरलेली नाही.

गोधडीची रीत पाहिली तर उत्तराची दिशा सापडते. विरलेली लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक घालायचे आणि कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे यायचे. काही भागांत शेवटी उरलेल्या जागेत चपातीचा तुकडा किंवा धान्याचे चार दाणे ठेवून मग ती शिवून टाकतात. गोधडीचे पोट भरले, असे म्हणतात. या हिशेबाने अर्धवट गोधडी उपाशीच राहिली! शिवाय फाटलेल्या गोधडीवर नवे लुगडे चढवून ती पुन्हा शिवणे हा घरोघरचा रिवाज होता. आईने शिवलेल्यावर लेकीने टाके घातले, तर त्यात कुणाला वावगे वाटले नाही. आणि लेकीने आईच्या लुगड्याशी जुळणारे कापड बाजारात शोधले नाही. घरात जे होते ते लावले.

हाच पेच अमेरिकेत वेगळ्या रूपात दिसतो. तिथल्या जुन्या पेट्यांतून ताऱ्याच्या नक्षीची अर्धवट क्विल्ट, म्हणजे तिथल्या गोधड्या, निघतात. आठ पाकळ्यांचा तारा म्हणजे आठ समभुज चौकोन, प्रत्येकाचे टोक ४५ अंशांचे; आठ टोके जुळली की ३६० अंश पुरे होतात. पण प्रत्येक शिवणीत सुताएवढा फरक पडला तरी तो आठ पट होतो. मग मध्य फुगून वर येतो किंवा तिथे भोक राहते. अशा ठिकाणी शिवणारीने काम बाजूला ठेवले असेल, तर तोच आराखडा पुढे रेटणे म्हणजे तीच अडचण वाढवणे. जाणकार अशा वेळी तारे उसवत नाहीत. ताऱ्यांच्या मध्ये साध्या कापडाच्या पट्ट्या घालतात, म्हणजे लहानमोठ्या ताऱ्यांचा फरक पट्टीत जिरतो. जुने तारे तसेच राहतात आणि मांडणी नवी होते.

नक्कल फसण्याचे दुसरे कारण रंगात आहे. १८५६मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि पुढच्या काही दशकांत कापडाची रंगछटाच बदलून गेली. त्याआधीचा मंजिष्ठेचा लाल आणि नंतरचा कारखान्यातला लाल उन्हात सारखे विटत नाहीत. लोहाचा वापर करून चढवलेले काळे-तपकिरी रंग तर धागाच कुजवतात. जुन्या क्विल्टमध्ये नेमके तेच तुकडे आधी झडतात. आज दुकानात जुळवलेला तुकडा दहा वर्षांनी वेगळाच दिसेल. त्यापेक्षा नवे कापड नवे म्हणूनच दिसू द्यावे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात विरलेले कामाचे कपडे जोडून, कोणताही ठरीव नमुना न पाळता क्विल्ट शिवली. २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात ती भिंतीवर लागली आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. आपल्या लुगड्या-धोतरांच्या गोधडीची जातकुळी हीच. पण महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी केलेले पुस्तक छापले ते फ्रान्समधल्या प्रकाशकाने.

चिरनेरच्या किंवा कुठल्याही गावच्या पेटीतल्या गोधडीसाठी पथ्ये सोपी आहेत. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. ओल्या पांढऱ्या कापडाने रंग सुटतो का ते पाहावे. नवे सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे. टेरिकॉट किंवा नायलॉन जुन्या सुताला जोडू नये, कारण मजबूत धागा कमजोर धाग्याला फाडतो. मशीन नको, हातशिलाईच बरी. जुन्या भागाला कात्री लावायची नाही आणि आजीचा शेवटचा टाका झाकायचा नाही. तिथून पुढे साधे, एकरंगी कापड घेऊन आपल्या मनाची मांडणी करावी. कुशन किंवा जाकीट हवेच असेल, तर त्यासाठी बाजारात कापडाची वानवा नाही.

एक काम मात्र बहुतेक जण विसरतात: शिवणारीची नोंद ठेवणे. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधल्या कथांची क्विल्ट शिवली. ती १८८६मध्ये एका कापूस-जत्रेत मांडली होती. पुढे गरजेपोटी त्यांनी ती जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेला पाच डॉलरला विकली. स्मिथबाईंनी प्रत्येक चित्राचा अर्थ पॉवर्स यांच्याकडून विचारून लिहून ठेवला. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे आणि जग तिला शिवणारीच्या नावाने ओळखते. आपल्याकडच्या गोधड्यांवर नाव क्वचितच असते. तेव्हा या गणपतीत पेटी उघडलीत, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की हे टाके कुणाचे, लुगडे कुणाचे, साल कोणते. गोधडी पुरी झाली की एका कोपऱ्यात दोऱ्यानेच दोन्ही नावे, गाव आणि वर्ष घाला: जिने सुरू केली तिचे आणि जिने पुरी केली तिचेही.