जुना ओटा, नवं घर

जुना फ्लॅट घेतला की पहिली नजर जाते ती स्वयंपाकघरावर. काळाकुट्ट कडप्पा, तेलकट टाइल्स! 'सगळं तोडूनच टाकू' असं वाटतं ना? पण कर्जाचे हप्ते आत्ताच सुरू झालेत. तेव्हा थांबा. महिनाभर तिथं स्वयंपाक करा, मग ठरवा.

आधी न दिसणारी कामं. सिंकखालची गळती काढा. गॅसची नळी जुन्या मालकांची असेल तर बदलाच. ती पाच वर्षांपलीकडे वापरू नये. ट्यूब पाठीमागे असेल तर आपलीच सावली पोळपाटावर पडते. ती ओट्यासमोरच्या भिंतीवर घ्या.

मग रूप. टाइल्स सोड्याच्या कोमट पाण्यानं घासा, सांधे व्हाइट सिमेंटनं भरा. कडप्प्याला लिंबू किंवा ॲसिड लावू नका, डाग पडतात. साबणानं धुऊन, कोरडा करून तेलाचा हात फिरवा.

ओटा तोडायचा तो एकाच कारणासाठी, उंचीसाठी. उभं राहून कोपर वाकवा. ओटा त्याखाली चार-पाच इंच असावा. फारच खाली असेल तर तिथं मात्र काटकसर नको. टाइल्स पाहुणे बघतात, कंबर आपली दुखते!