रमाबाईंना पंढरपूरला जायचे होते

२७ मे जवळ आला की वाकोल्याच्या आमच्या वस्तीत रमाबाई आंबेडकरांच्या स्मृतिदिनाची तयारी सुरू होते. विहारात फोटोला हार, शाळकरी मुलींची भाषणे, संध्याकाळी गाणी. भाषणे बहुधा एकाच साच्यातली असतात. रमाईने गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी राहून साहेबांना शिकू दिले, मूल गेले तेव्हा कफनाला कापड नव्हते म्हणून अंगावरच्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. आणि शेवटी तो शब्द येतोच : त्यागमूर्ती. मी बौद्ध घरातली, हे ऐकतच वाढले. आज या शब्दाबद्दल मला तुमच्याशी जरा भांडायचे आहे.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला केस-पेपर लिहायला शिकवायचे. विशेषणे नकोत, घडले तेवढे लिहा. रमाबाईंचा असा कागद मी एकदा लिहून पाहिला. गाव दापोलीजवळचे वणंद. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आई-वडील लवकर गेले, पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा धंदा आटोपल्यावर. नवरी नऊ-दहा वर्षांची. १९१२ साली यशवंतचा जन्म. १९१३ मध्ये सासरे वारले आणि त्याच वर्षी नवरा शिकायला न्यूयॉर्कला गेला. १९२० ते १९२३ पुन्हा लंडनला. बाळंतपणे पाच. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ च्या जुलैत राजरत्न, अशी चार मुले गेली. यशवंत तेवढा जगला. नंतर तब्येत कधी सावरलीच नाही. मृत्यू २७ मे १९३५, दादरच्या राजगृहात. वय चाळिशीच्या आत.

हाच कागद आज आपल्या सल्ला केंद्रात आला, तर शेरा म्हणून आपण 'त्याग' लिहू का? आपण लिहू : बालविवाह, उपासमार, लागोपाठ बाळंतपणे, चार मुलांचे मृत्यू, घरात मिळवता आधार नाही. यातले तिने निवडलेले असे काय होते? हे दारिद्र्य जातीने दिलेले होते. ते एकदा 'त्याग' म्हणून फोटोत बसवले की देणारा मोकळा सुटतो.

इथे कुणी असे समजू नये की मी बाबासाहेबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते आहे. उलट भाषणवाल्यांपेक्षा त्यांनी हा हिशेब जास्त सरळ मांडला होता. १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी स्वतःच लिहिले की आपण परदेशी असताना संसाराचा भार हिने वाहिला, शेणाच्या पाट्याही डोक्यावर घेतल्या, आणि अशा बायकोला चोवीस तासांतला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. यात उपकाराची, ऋणाची भाषा आहे. ऋण म्हटले की देणे आले. त्याग म्हटले की फक्त हात जोडायचे.

रमाबाई अतिशय भाविक होत्या. उपास-तापास करायच्या, नवऱ्याच्या सुखरूपतेसाठी देवाला साकडे घालायच्या. आणि त्यांनी स्वतःसाठी मागितलेली म्हणून एकच गोष्ट सांगितली जाते. त्यांना पंढरपूरला जायचे होते. साडी नाही, दागिना नाही. विठोबाचे दर्शन. बाबासाहेबांनी समजूत घातली ती सर्वांना पाठ आहे : जे पंढरपूर आपल्या माणसांना देवाजवळ येऊ देत नाही ते कशाला, आपण आपल्या कामाने दुसरे पंढरपूर उभारू. त्या काळात अस्पृश्याला चोखोबाच्या समाधीपाशीच, पायरीखालीच थांबावे लागे. उत्तर रास्तच होते.

पण आपण ही गोष्ट नेहमी त्यांच्या उत्तरापाशी संपवतो, तिच्या मागणीपाशी थांबतच नाही. जणू एका भोळ्या बाईने काहीतरी चुकीचे विचारले आणि तिला शहाणे केले. जरा तारखा पाहा. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या बाया त्यात होत्या, त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. तो हक्काचा लढा म्हणून इतिहासात गेला. त्याच वर्षांत घरात बसलेली एक आजारी बाई देवळात जायचे म्हणते, ती मात्र भोळी? विठ्ठलाचे देऊळ दलितांना उघडले १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. येवल्याची धर्मांतराची घोषणाही त्यांच्या मृत्यूनंतर साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला झाली. म्हणजे त्या ज्या श्रद्धेत जगल्या त्याच श्रद्धेत गेल्या.

वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्या आजींना हे बोलणे आवडत नाही. "१९५६ ला आम्ही देव सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आता तू पुन्हा विठोबा काढू नकोस," असे एकीने मला तोंडावर सुनावले. त्यांची भीती मला कळते. देव सोडायला किती बळ लागले ते त्यांनाच ठाऊक. मी देव परत आणा म्हणत नाही. बाईला स्वतःला काय हवे होते हे झाकू नका, एवढेच म्हणते.

आपण स्त्री-संघटनावाल्याही याबाबतीत काही वेगळ्या नाही. उपास करणारी बाई दिसली की आपल्याला शिबिर घ्यावेसे वाटते. ती उपास सोडून बाकीच्या दिवशी काय खाते, हे विचारायचे राहून जाते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. या सगळ्या काही उपासाने अशा झालेल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात केंद्रात एक बाई आली. चार घरची धुणीभांडी करते, जिना चढताना धाप लागते, पाळी पंधरा-पंधरा दिवस चालते. नवऱ्याला दवाखान्याचे म्हटले तर तो म्हणाला, रमाईने काय काय सोसले, तुझे एवढ्यातच कण्हणे सुरू? २७ मेच्या भाषणाचा हाही उपयोग होतो, मैत्रिणींनो. रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात निघाले. गुरुवारचा उपास ती चोरून करते, घरच्यांना आणि विहारातल्या बायांना कळू न देता. मला सांगताना खाली मान घालून सांगत होती. मी उपास सोड म्हटले नाही. इतर सहा दिवशी जेवायला कितव्या नंबरला बसतेस, ते विचारले. "नंबर कसला बाई, उरलं तर," ती म्हणाली.

आता औषध चालू आहे, पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफीची तारीख मिळाली आहे. नवऱ्याला केंद्रात दोनदा बोलावले, आला नाही. आता आमच्यातल्या दोघी त्याच्या घरी जाणार आहेत, जेवणाच्या वेळेला.